कुणाशी बोलतोस? – गोंधळी घरातल्या एका विद्यार्थी-नटाचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.ला नाट्यशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. तिथे मी अभिनयाचं प्रात्यक्षिक घेते. इथे मांडते आहे ते एका सत्रातलं प्रकरण. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला तीन शैलींत काम करायचं होतं: वास्तववादी प्रवेश, भारूड आणि मूकाभिनय. मूकाभिनय सगळ्यांना बऱ्यापैकी जमला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेच पडला तो पहिल्या दोन शैलींत, दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणि अगदी उलट दिशांनी. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव, गाव, वर्ष काहीच देत नाही.

मुलगा

मुलगा गोंधळी घरातला, म्हणजे देवीचा गोंधळ घालणाऱ्यांच्या. वडील नाईक, म्हणजे आख्यान लावणारे. चुलते तुणतुण्यावर. हा शाळेत असल्यापासून संबळेवर, आणि नाईकाला मध्येच अडवून प्रश्न विचारणाऱ्या साथीदाराच्या जागी. घराणं तुळजापूरच्या भवानीचं, म्हणजे कदमराई. माहूरच्या रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई. लग्नसराईत सलग रात्री जागून हा मुलगा सकाळच्या तासाला यायचा आणि तरी त्याची हजेरी वर्गात सगळ्यांत चांगली असायची.

पहिल्या वर्षी त्याने स्पर्धेच्या एका एकांकिकेत काम केलं होतं. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाने त्याला तालमीत एकच सूचना दिली, पुन्हा पुन्हा: ‘ओव्हर होतंय, कमी कर.’ त्याने कमी केलं. आधी आवाज, मग हात, मग चेहरा. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात आला तेव्हा तो उभा राहायचा, वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. चूक काहीच नव्हती आणि घडतही काहीच नव्हतं. वडिलांची तक्रार वेगळी होती. ते एकदा फी भरायला आले तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, पोरगं कालिजात आल्यापासून गोंधळात दबकून बोलायलंय. मागं बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जात न्हाई.’

या तक्रारीने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं. एक शैली शिकवताना दुसरी हातची जात असेल, तर ते शिक्षण नाही. आणि दुसरी म्हणजे कुठली, तर या मुलाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, रात्रभर शे-दोनशे माणसांना जागं ठेवणारी विद्या.

‘कमी कर’ ही सूचना आपल्याकडे तालमीत सर्रास दिली जाते. तिची अडचण अशी की तिच्यात करण्यासारखं काही नसतं. काय काढून टाकायचं ते ती सांगते, काय करायचं ते सांगत नाही. नट मोजमापावर अभिनय करू शकत नाही. पाऊण आवाजात रागाव, अर्ध्या हाताने विनव, असं सांगून कुणाचं भलं झालेलं नाही. शिवाय या सूचनेत एक न बोललेली उतरंड आहे: वास्तववादी अभिनय हाच खरा, आणि लोककलेतला म्हणजे कच्चा, भडक, घासून लहान करायचा माल. मराठवाड्यात बसून ही उतरंड मान्य करणं मला शक्य नाही. पैठणला एकनाथांनी (१५३३–१५९९) जोशी, वासुदेव, गोंधळी, जोगवा मागणारी, भूत लागलेली, विंचू चावलेली अशी एकेक भूमिका घेऊन भारुडं रचली, तेव्हा रंगमंचावर दिवाणखाना मांडायची कल्पना आपल्याकडे यायला अजून तीन शतकं होती.

मुलगी

दुसरी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातली, वडील शिक्षक. तिने अभिनय शिकला तो मालिका पाहून आणि मोबाइलवर छोटे व्हिडिओ करून. चेहरा विलक्षण बोलका. डोळ्यांच्या कडेला हललेलं काहीतरी समोर बसलेल्याला थेट पोचायचं, पण समोर म्हणजे चार फुटांवर. तिसऱ्या रांगेत काहीच येत नव्हतं. तिच्याकडे विंचवाचं भारूड होतं. पहिल्या तालमीत ती पदराचं टोक चाचपत जमिनीकडे बघून म्हणाली आणि शेवटी म्हणाली, ‘मॅडम, लोकांकडे बघून बोलायचं म्हणजे खोटं वाटतं.’

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. कारण मुलाची अडचण याच्या बरोबर उलट होती. त्याला एका माणसाकडे बघून बोलणं खोटं वाटत होतं. ‘समोर मंडळी बसलीत आणि मी त्यांच्याकडं पाठ करून ह्याच्याशीच बोलायचं? मंग मंडळी कशाला बसलीत?’ असं त्याने मला सरळ विचारलं होतं. दोघांचा प्रामाणिकपणा सारखाच होता. खोटेपणा कशाला म्हणायचं, ते ठरवणारी परंपरा वेगळी होती.

चार तोंडं

आम्ही सुरुवात गोंधळापासून केली. मुलाला विचारलं, आख्यान चालू असताना नाईक नेमका कुणाशी बोलतो? त्याने आधी ‘लोकांशी’ असं उत्तर दिलं. मग रात्रभरातला एकेक भाग आठवत गेला आणि यादी वाढली. आवाहनात नाईक देवीशी बोलतो, तोंड चौकाकडे, म्हणजे देवीसाठी मांडलेल्या जागेकडे असतं. पूर्वरंग संपून आख्यान लागलं की तो मंडळींशी बोलतो. मध्येच साथीदार अडवतो, तेव्हा त्याच्याशी बोलतो, आणि ते बोलणं खरोखरीचं असतं, कारण साथीदार आज काय विचारेल ते नाईकाला पक्कं ठाऊक नसतं. अधूनमधून यजमानाला नाव घेऊन हाक मारतो, त्याच्या घरच्या लग्नाची, सुनेची गोष्ट काढतो. देवी, मंडळी, साथीदार, यजमान. चार तोंडं. प्रत्येकाशी बोलताना मान वेगळी, श्वास वेगळा, शब्दाचा शेवट वेगळा. देवीशी बोलताना शेवटचा स्वर लांबतो. साथीदाराशी बोलताना वाक्य तुटकं होतं. यजमानाशी बोलताना नाईक पुढे झुकतो.

हे त्याच्या अंगात होतं, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. नाव मिळाल्यावर वास्तववादी प्रवेशाची व्याख्या फार सोपी झाली: चारातली तीन तोंडं बंद, एक उघडं. देवी नाही, यजमान नाही, मंडळी आहेत पण त्यांच्याशी बोलायचं नाही. उरला तो साथीदार. आवाजाबद्दल मी एक शब्द बोलले नाही. ‘कमी’ हा शब्द त्या सत्रात वर्गात वापरायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने (१८६३–१९३८) नटाच्या लक्षाची वर्तुळं सांगितली आहेत: छोटं, मधलं, मोठं. आमच्या मुलांना ती परीक्षेपुरती पाठ असतात. भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी (लोकव्यवहारासारखा) आणि नाट्यधर्मी (रंगमंचाच्या संकेतांनी चालणारा) असा भेद केला, आंगिक-वाचिक-आहार्य-सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले, तेही लेखी पेपरात पाच गुणांच्या टिपेपुरते येतात आणि तालमीच्या फरशीवर कधी उतरत नाहीत. हे दोन्ही ग्रंथ फरशीवर आणायचे असतील तर विद्यार्थ्याच्या अंगात आधीपासून काय आहे, तिथून सुरुवात करावी लागते. चार तोंडांच्या यादीनंतर लक्षाची वर्तुळं समजावून सांगायला मला फार वेळ लागला नाही.

प्रवेश आणि संबळ

वास्तववादी प्रवेश आम्ही वर्गातच तात्कालिक अभिनयातून, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं करत बांधला. दसरा झाला आहे. बाप मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आला आहे, दोघं नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दोन दिवसांत गाडी कारखान्याकडे निघणार. मोठा मुलगा कॉलेजात आहे. त्याला वाटत होतं यंदा आईबाप जाणार नाहीत. धाकट्या बहिणीला सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवायचं, हे ठरायचं आहे. आमचा मुलगा बाप झाला होता. वर्गातल्या निम्म्यांच्या ओळखीचं घर.

पहिल्या तालमीत बापाचं ‘उचल घेतलीय’ हे वाक्य दवंडीसारखं आलं. हात उघडे, छाती पुढे, शेवटचा ‘य’ लांबलेला. ते मंडळींना सांगितलेलं होतं. पुढच्या वेळी त्याने आवाज खाली आणला तर वाक्य मेलं, जसं पहिल्या वर्षी मेलं होतं.

मग त्याला म्हटलं, या प्रवेशात तू नाईक नाहीस. नाईक तुझा मुलगा आहे. आख्यान तो लावतोय, तू साथीदार. समोरच्या बाकावर संबळ वाजव.

खरा संबळ नव्हता, बाक आणि दोन काड्या होत्या. पण साथीदार या जागेची ताकद तेव्हा पहिल्यांदा वर्गाला दिसली. संबळ वाजवणाऱ्याला नाईकाच्या श्वासाकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. नाईक श्वास घेईल तिथे हात थांबवायचा, ओळ संपेल तिथे ठोका द्यायचा, तो अडखळला तर ती फट ठोक्याने भरून काढायची, लोकांना कळू द्यायची नाही. इतकं ऐकणं वर्गात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. वास्तववादी अभिनयाच्या प्रत्येक पुस्तकात सांगितलेलं असतं की समोरच्याचं ऐका, आणि प्रत्येक तालमीत मुलं आपल्या वाक्याची वाट बघत उभी असतात. हा मुलगा लहानपणापासून ऐकतच आला होता. आपण त्याला न येणारी गोष्ट शिकवतोय असं सगळे समजत होते, आणि ती गोष्ट तोच बाकीच्यांना शिकवू शकत होता.

तो प्रवेशातल्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला बाकावर ठोके देत गेला. राग आला तिथे ठोका अलीकडे आला, मुलगा गप्प झाला तिथे काडी हवेत थांबली. मग काड्या काढून घेतल्या, हात रिकामे. मग हाताला काम दिलं: ताडपत्रीची घडी आणि दोरी. ‘उचल घेतलीय’ या वेळी दोरीची गाठ आवळताना आलं, मुलाच्या श्वासाच्या जागेवर, त्याच्याकडे न बघता. बहिणीचं काम करणारी मुलगी आपलं वाक्य विसरली. तिचं वाक्य कुणी आठवूनही दिलं नाही. आवाज पहिल्या तालमीइतकाच मोकळा होता.

हाताला काम देण्यामागे माझं एक ठाम कारण आहे, ते इथेच सांगते. आमच्या भागात आलेल्या एका शिबिरात मार्गदर्शकाने मुलांना डोळे मिटून आयुष्यातला सगळ्यांत दुःखाचा प्रसंग आठवायला लावला होता. एक मुलगी, जिचं बालपण कारखान्याच्या आवारातल्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत गेलं, ती रडत सुटली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तो अभिनय नव्हता आणि त्या टाळ्यांनी तिचं काहीही भलं केलं नाही. त्या शिबिराच्या मार्गदर्शकाने हे स्तानिस्लावस्कीच्या नावावर खपवलं. भावनिक स्मृतीचा प्रयोग स्तानिस्लावस्कीने केला हे खरं, पण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याने भर दिला तो शारीरिक कृतींवर: पात्र या क्षणी हाताने काय करतंय, कशासाठी करतंय, त्यातून भावना येऊ दे. जिथे मुलांची दुःखं इतकी ताजी आणि इतकी जवळची आहेत, तिथे हा दुसरा मार्गच मला सुरक्षित वाटतो. ऊसतोडीच्या प्रवेशात मी कुणालाही घरचं काही आठवायला सांगितलं नाही. पीठ किती लागेल, पेटीत काय मावेल, कोयत्याला धार कुणी लावायची, एवढेच प्रश्न विचारले. मुलांनी उत्तरं इतकी नेमकी दिली की प्रवेशातली अर्धी वाक्यं तिथूनच आली.

दिवटीचा प्रश्न

गोंधळ तालमीत आणायचा म्हटल्यावर दोन आक्षेप आले आणि दोन्ही रास्त होते.

पहिला वडिलांचा, दिवटीबद्दल, म्हणजे गोंधळात पेटवल्या जाणाऱ्या मशालीबद्दल. ‘बाकी काय बी शिकवा मॅडम. पण दिवटी वर्गात पेटायची न्हाई आन्‌ चौक बी मांडायचा न्हाई. ते देवीचं हाय.’ गोंधळ हा आधी कुळाचार आहे, मग कला. सरावासाठी विधी उचलून आणायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. ठरलं ते असं: दिवटी नाही, चौक नाही, आवाहन नाही, कवड्यांची माळ नाही. आख्यानाची बांधणी, नाईक-साथीदाराचं नातं, श्वास आणि ठेका एवढंच वर्गात येईल. पुढे वडील स्वतः दोनदा येऊन बसले, आणि श्वास कुठे चोरायचा हे त्यांनी मुलांना दाखवलं. चालू ओळीत लोकांना कळू न देता नाकाने घेतलेला तो अर्धा श्वास मला स्वतःला कुठल्याही व्हॉइस वर्कशॉपमध्ये कुणी दाखवलेला नव्हता.

दुसरा आक्षेप वर्गातल्या एका विद्यार्थ्याचा. त्याच्या घरात आंबेडकरी जलशाची परंपरा. ‘देवीचं नाव घेणारा फॉर्म मी का करायचा?’ असं त्याने विचारलं. आवाहन वर्गात नाहीच, हे मी त्याला सांगितलं, पण तेवढं उत्तर पुरेसं नव्हतं. जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातलं देवाचं नमन काढून तिथे विचार ठेवला. एक शैली दुसरीतून कशी घडते, काय घेते आणि काय ठामपणे नाकारते, याचं याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात मला माहीत नाही. त्याने भारुडाऐवजी जलशातला सवाल-जवाब केला आणि उत्तम केला. अभ्यासक्रमाच्या चौकटीत ते बसवायला थोडा पत्रव्यवहार करावा लागला.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. वर्गात काही मुलं आमच्या विद्यार्थ्याला ‘ए गोंधळ्या’ म्हणून हाक मारायची. हसत, पण त्या हसण्यात काय आहे ते त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो, आणि त्याची कला मंडपात हवी असली तरी माणूस पंगतीत शेवटी बसवला जातो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संबळेच्या तालमीनंतर ती हाक बंद झाली नाही. कमी झाली. ती पूर्ण थांबवायला शिक्षक म्हणून जे करायचं ते मी वेगळ्या वेळी, वेगळ्या शब्दांत केलं. एखाद्या नाट्य-सरावाने जात जाते, असा दावा मी करणार नाही.

तीन तोंडं उघडताना

मुलीच्या बाबतीत उलट काम होतं. तिला एकच तोंड ठाऊक होतं, तेही अगदी जवळचं. ‘मोठ्याने बोल’ ही सूचना ‘कमी कर’ची सख्खी बहीण, म्हणून तीही वर्ज्य. अंतराने सुरुवात केली. पहिल्यांदा तिने भारुडाची गोष्ट मैत्रिणीच्या कानाजवळ सांगितली. मग मैत्रीण दहा फुटांवर. मग व्हरांड्याच्या टोकाला. मग मैदानापलीकडच्या लिंबाखाली. प्रत्येक वेळी काम तेच: हिला विंचू चावलाय आणि त्या मैत्रिणीनेच काहीतरी करायला हवं. मैदानापलीकडे ओरडून चालत नाही, शब्द विरून जातो. स्वर लांबवावे लागतात, व्यंजनं ठोकावी लागतात, हात वर जातो. भारुडाचा हातवारा असाच आला, कुणी शिकवला नाही. पत्र्याच्या, उघड्या, वाऱ्याच्या जागेत उभ्या राहिलेल्या कलांचे हातवारे मोठे का असतात, ते तिला लिंबाखाली उमगलं. भडकपणाचा तिथे संबंध नसतो; प्रश्न दूरवर बसलेल्या माणसाचा असतो.

अवघड भाग पुढे होता. भारुडात नट पात्रात शिरतो, वेदनेने तळमळतो, लोक हसतात, आणि मग तोच नट अर्ध्या पावलात बाहेर येऊन सांगतो की हा विंचू म्हणजे काम-क्रोध. पात्र आणि निरूपण यांच्यातलं ते अर्धं पाऊल तिला जमेना. बाहेर येताना तिला लाज वाटायची, जणू चोरी पकडली गेली. मुलगा तिच्या मदतीला आला. त्याने संबळ धरला आणि साथीदार होऊन मध्येच विचारलं, ‘अगं पण बाई, चावला कोण?’ प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर मंडळींकडे तोंड करून देणं ओघानेच येतं. ती बाहेर आली, सांगितलं, परत आत गेली.

हे पाहून वर्गातल्या वाचणाऱ्या एका मुलाने जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाव काढलं. त्याचं बरोबर होतं, काही अंशी. ब्रेख्तने १९३५ मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचं काम पाहिलं आणि पात्राला अंगावर न घेता दाखवणाऱ्या अभिनयाबद्दल त्यानंतर लिहिलं. म्हणजे युरोपातली ही क्रांती आशियातल्या एका जुन्या परंपरेकडे बघून पक्की झाली. पण भारूड म्हणजे आपलं ब्रेख्त, असं म्हणून मोकळं होऊ नये. ब्रेख्तचा नट बाहेर येतो ते प्रेक्षकाच्या मनात शंका पेरायला, हे असंच असायला हवं का, असं विचारायला. भारुडाचा नट बाहेर येतो ते विंचवावरचा उतारा सांगायला. एकाला प्रश्न उघडा ठेवायचा आहे, दुसऱ्याकडे उत्तर आहे. पाऊल सारखं, जायचं ठिकाण वेगळं. शैली शिकवताना हा फरक गाळला तर मुलं बाह्य हालचाल उचलतात आणि ती कशासाठी हे त्यांना कधीच कळत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मधली माणसांची भिंत आजही एकांकिका स्पर्धांत दर वर्षी दिसते. ती भिंत नाटकात काय लपवते आणि काय दाखवते हे न विचारता उभी केलेली असते.

परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षा पत्र्याच्या हॉलमध्ये झाली. परतीचा पाऊस होता. ऊसतोडीचा प्रवेश सुरू झाला आणि मिनिटा-दोन मिनिटांत पत्र्यावर सरी आल्या. कॉलेजातल्या मुलाचं काम करणारा विद्यार्थी वास्तववाद म्हणजे पुटपुटणं असं अजूनही थोडं समजत होता, त्याचा आवाज बुडाला. बापाने आवाज वर नेला. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत वाक्य पोचलं आणि तरीही ते मंडळींना सांगितलेलं नव्हतं. ते मुलालाच सांगितलेलं होतं, पावसात घरात बोलावं तसं. मुलाचं काम करणारा मग त्याच्या मागून वर आला. शैली आणि आवाजाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात तोंडी सांगून पटवणं कठीण जातं. त्या दिवशी मागच्या बाकांवरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनीही ते पाहिलं.

पण आवाज वर गेला तशी दोन-तीन वाक्यांची शेपटं गोंधळाच्या चालीत लांबली. बाह्य परीक्षकांनी ते टिपलं आणि गुण कापले: प्रवेश संयत, मात्र संवादात हेल. त्यांच्याशी माझं चहावर बोलणं झालं. गोंधळाची चाल घरात घुसली, तिथे ते बरोबर होते. पण त्यांनी दाखवलेल्या जागांपैकी एक जागा मला हेलाची वाटत नाही, ती बोलीची आहे. आमच्याकडचा माणूस ‘काय करायलास?’ म्हणताना वाक्याचा शेवट उचलतो. ऊसतोडीला निघालेल्या बापाने पुण्याच्या दिवाणखान्यातल्या लयीत बोलावं, असा वास्तववाद मला कळत नाही. ते हसले, गुण बदलले नाहीत. त्यांचं काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं, एवढं मी नक्की सांगेन. मराठवाडी बोलीची चाल कुठे संपते आणि लोककलेची कुठे सुरू होते, यावर आमच्या अभ्यासक्रमात एक ओळही नाही, हा दोष त्यांचा नाही.

मुलीचं भारूड अर्धं जमलं. संबळ होता तोवर ती मंडळींच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली, हशाही घेतला. शेवटचं निरूपण तिने एकटीने करायचं होतं, तिथे नजर पुन्हा फरशीवर गेली. साथीदाराशिवाय मंडळींसमोर उभं राहणं ही वेगळी पायरी आहे आणि ती तिने अजून चढलेली नाही.

पुढचं सत्र

नवीन वर्गासाठी क्रम बदलला आहे. आधी वास्तववाद, मग ‘लोककलेची ओळख’ अशी जी मांडणी होती तिच्याऐवजी पहिले काही तास फक्त अंतराचे आणि तोंडांचे: कुणाशी, किती लांबून, मध्ये काय आवाज आहे. त्यानंतर ज्याच्या घरात, गावात जे आहे तिथून सुरुवात: कुणाचं कीर्तन, कुणाचा पोवाडा, माळेगावच्या यात्रेत फड पाहिलेल्यांचा तमाशा, आराधी गाणी, आणि ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांचा मोबाइल. मोबाइललाही मी कमी लेखत नाही. त्या मुलीच्या चेहऱ्याला जे येतं, ते आमच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर यायला वेळ लागेल. तिथे साथीदार चार बोटांवर आलेला असतो आणि तो एक काच असते. त्या कामाला आम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, आणि त्यात ती त्याला शिकवते.

एक गोष्ट अडून आहे. मुलाच्या वडिलांना वर्गात रीतसर बोलवावं, मानधन द्यावं, असा अर्ज मी केला. उत्तर आलं की तासिका तत्त्वावर बोलवायचं तर पदवी लागते. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्या माणसाने लोकरंगभूमी शिकवली, हा मराठवाड्याचा वारसा आहे; पण ते प्राध्यापकही होते. ज्यांच्याकडे फक्त विद्या आहे आणि कागद नाही, त्यांचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवी अनिवार्य नाही. ती लिहिताना डोळ्यांसमोर बहुधा उद्योगातले अधिकारी असतील, पण अनुभवाची अट पंधरा वर्षांची आहे, आणि एवढी वर्षं या नाईकाने कधीच मागे टाकली आहेत. त्या तत्त्वांचा आधार घेऊन दुसरा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. सोबत मुलांच्या सह्या आहेत, आणि त्यांत सगळ्यांत वर सही आहे ती जलसा करणाऱ्या विद्यार्थ्याची.